गळलेलं नाव

यंदाच्या दिवाळीत कुणालाही दुकानातला खोका द्यायचा नाही, हे स्नेहलने धनतेरसेच्या सकाळी सांगून टाकलं, आणि सगळ्यांत आधी हसला तो तिचा नवरा.

"मग काय देणार? भाताची पेंढी?" दीपेश दात घासता घासता म्हणाला.

"हाताने केलेलं कायतरी. आणि सोबत एक कार्ड. तेपण हाताने लिहिलेलं, ज्याचं त्याला वेगळं."

सकुबाई चकल्या तळत होती. सुनेचं म्हणणं तिला मनातून पटलं. गेल्या वर्षी सुक्या मेव्याचा जो खोका तिने धाकट्या दिराला दिला होता, तो त्याच्या सासुरवाडीला शहापूरला गेला, तिथून आणखी कुणाकडे गेला, आणि तुळशीच्या लग्नाला पुन्हा तिच्याच घरी आला. कोपऱ्यावर भूमिकाने पेनाने काढलेलं फूल होतं म्हणून ओळखू आला. खोका उघडायची कुणालाच गरज पडली नव्हती.

भूमिका ही त्या धाकट्या दिराची, ज्ञानेश्वरची मुलगी. नववीत होती आणि शेजारच्याच घरात राहत असली तरी दिवसभर स्नेहलच्या मागे मागे असायची. दोघी ओटीवर कात्री, रंगीत कागद आणि जुन्या कापडांचं गाठोडं घेऊन बसल्या. भूमिका यादी लिहू लागली.

"मोठे बाबा, मोठी आई, आमचे बाबा, आई, दीपेशदादा," ती मोठ्याने म्हणत होती, "आणि डोळखांबची आत्या."

अंगणात सकुबाईचा नवरा काळूराम विळ्याला धार लावत होता, त्याचा हात थांबला.

"तिला कशाला?"

"आत्या हाय ना ती," भूमिका म्हणाली.

"ती इकडे येते काय? तीन भाऊबिजा झाल्या, पाटावर बसून तुझ्याकडून ओवाळून घेतो मी. तिला नाय पडलेली तर आपल्याला काय पडलीय?"

ज्ञानेश्वर तेवढ्यात पायरीवर येऊन टेकला होता. त्यानेही मोठ्या भावाचीच री ओढली. "दादा बोलतो ते बरोबर हाय. दोन वेळा फोन केला मी. उचलला, काय पायजे विचारलं, न् ठेवला."

स्नेहल कुणाशीच वाद घालत नसे. तिने भूमिकाच्या हातातली यादी घेतली, आत्याच्या नावाखाली रेघ मारली आणि म्हणाली, "माझ्या लग्नापासून हे झालंय बाबा. मला तिचं तोंडपण नीट आठवत नाय. कार्ड मी लिहिते. तुमचं नाव टाकू का नको ते तुमी सांगा."

काळूराम पुन्हा धार लावू लागला. हो म्हणाला नाही, पण नकोही म्हणाला नाही.

कढईतली चकली करपली तेव्हा सकुबाई भानावर आली.

दीपेशच्या लग्नाच्या पत्रिकेत साठ नावं होती. वारलेल्या आजापासून ते 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या पाळण्यातल्या पोरीपर्यंत सगळे होते. फक्त नवरदेवाची एकुलती एक आत्या अंबूबाई नव्हती. हळदीच्या दिवशी ती डोळखांबहून आली ती पत्रिका हातात घेऊनच. भर मांडवात तिने भावाला विचारलं, "दादा, माझं नाव कुठाय?" काळूरामने शपथेवर सांगितलं की यादी त्याने स्वतःच्या हाताने लिहिली होती, अंबूचं नाव पाचवं होतं, छापखान्यात गळलं. "साठ नावांतलं माझंच बरं गळलं," एवढं बोलून अंबूबाई उलट्या पावली जीपमध्ये जाऊन बसली. जेवलीसुद्धा नाही.

लग्न उरकल्यावर काळूरामने मुरबाड गाठलं. छापखाना शामचा. शाम आणि काळूराम दहावीपर्यंत एका बाकावर बसलेले. पण त्या दिवशी गिऱ्हाइकांसमोर काळूरामने त्याला नाही नाही ते ऐकवलं, आणि त्यानंतर बाजारात शाम दिसला की तो रस्ता बदलू लागला.

हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक गोष्ट मात्र फक्त सकुबाईला ठाऊक होती. पत्रिका छापण्याआधीचा कच्चा कागद घरी आला होता. दीपेश तो तिच्या हातात देऊन म्हणाला होता, "आई, नावं बघून घे, मला कंपनीत जायचंय." तिने एकेका नावावर बोट ठेवत सबंध कागद वाचला होता. पाचवं नाव नाही हे तिला दिसलं होतं. आणि कागद बरोबर आहे म्हणून तिने परत धाडला होता.

*

दुसऱ्या दिवशी स्नेहलने सासूच्या हातात एक अर्धं कोरं कार्ड ठेवलं.

"आत्याच्या कार्डात एका बाजूला मी लिहिलंय. दुसरी बाजू तुमची."

"मी काय लिहिणार गो? चौथी शिकलेय मी. बचत गटात सही करते तेवढीच."

"मग चौथीचं लिहा. कुणी मार्क देणार नाय."

घरातले सगळे भात कापायला गेले. पाऊस लांबल्यामुळे यंदा दिवाळी आली तरी निम्मं शेत उभंच होतं. सकुबाईलाही जायचं होतं, पण कंबर धरल्याचं सांगून ती मागे राहिली. ओटीवर मांडी घालून बसली. आधी एका वहीच्या कागदावर लिहून पाहिलं. जोडाक्षरं आडवी आली. 'गप' लिहिलं ते 'गय' दिसू लागलं. एक वाक्य झालं की ती उठून पाणी पिऊन यायची. दुपार कलली तेव्हा कार्डाची एक बाजू भरली होती, आणि तिच्या बोटाला पेनाचा वळ पडला होता.

लिहिलेलं पुन्हा वाचायचं धाडस तिला झालं नाही. पाकीट चिकटवलं आणि मग ती ट्रंकेकडे गेली. सासू वारली तेव्हा तिची दोन लुगडी अंबूबाईने नेली होती, तिसरं, हिरव्या काठाचं, सकुबाईकडे राहिलं होतं. अंबूबाईच्या मुलीला श्रावणात मुलगी झाली, हे उडत उडत कानावर आलं होतं. त्या लुगड्याचं तिने बाळासाठी दुपटं शिवायला घेतलं. काठ चारी बाजूंनी फिरवला. सुई ओवायला भूमिका होतीच.

"मोठी आई, तू कार्डात काय लिहिलंस?" भूमिकाने विचारलं.

"शुभेच्छा."

"एवढी मोठी शुभेच्छा?"

"टाके घाल सरळ," सकुबाई म्हणाली.

लक्ष्मीपूजनाला सगळ्यांची कार्डं वाटून झाली. ज्ञानेश्वरला चष्म्याची कापडी पिशवी मिळाली. काळूरामला शेतात न्यायच्या बाटलीला गोणपाटाचं शिवलेलं आवरण मिळालं, ओलं केलं की पाणी गार राहील असं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं आणि मग कार्ड उघडलं. स्नेहलने लिहिलं होतं: 'बाबा, पहिल्या वर्षी लावणीला मी चिखलात आडवी झाले तेव्हा सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, पाय असा टाक. ते मला रोज आठवतं.'

काळूरामने कार्ड दोनदा वाचलं. मग घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं.

"हसू आलं होतं मला," तो जरा वेळाने म्हणाला. "दाबलं मी."

पाडव्याच्या सकाळी दीपेश दुपटं आणि पाकीट घेऊन मोटरसायकलवरून निघाला तेव्हा काळूराम अंगणातच होता. "किन्हवलीच्या पुढे रस्ता उखडलाय, जपून जा," एवढंच तो म्हणाला. ज्ञानेश्वरने वहिनीकडे बघून भुवई उंचावली. सकुबाईने मान वळवली. दीपेश नजरेआड होईपर्यंत तिला सारखं वाटत होतं की हाक मारावी, पाकीट परत घ्यावं, नुसतं दुपटं जाऊ द्यावं.

*

भाऊबिजेला सकाळी सकुबाईचा भाऊ ओवाळून घेऊन गेला. ज्ञानेश्वरची बायको तिच्या माहेरी शहापूरला गेली. अकराच्या सुमाराला सकुबाई वालाचं बिरडं उकळत ठेवून बाहेर आली, तर अंगणात अंबूबाई उभी.

तीन वर्षांत केस बरेच पिकले होते. हातात पिशवी, पिशवीतून कार्डाचं पाकीट डोकावत होतं.

"आत्या," भूमिका धावली. ज्ञानेश्वर त्याच्या घरातून तसाच बनियनवर आला. काळूराम ओटीवर उभा राहिला आणि कुठे बघावं ते न कळून पत्र्याकडे बघू लागला.

"दुपटं पाहिलं न् घरात बसवेना," अंबूबाई पायरीवर बसत म्हणाली. "आईचा काठ लगेच ओळखला मी. नातीला गुंडाळलं तर ती निजली ती दुपारपर्यंत उठली नाय. पण खरं सांगते, मी आले ती ह्याच्यापायी." तिने पाकीट बाहेर काढलं. "स्नेहलचं मुलीने वाचून दाखवलं. छान लिहिलंयस गो. पण ही दुसरी बाजू कुणाला लागंना. मुलीला नाय लागली, जावयाला नाय लागली. शाळेतल्या मास्तरांना दाखवली, ते बोलले मोडी हाय काय."

ज्ञानेश्वर खो खो हसला. दीपेशने कार्ड घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. "मला 'लाडू' एवढंच कळतंय."

"वयनी, तूच वाच," अंबूबाई म्हणाली. "तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाय."

कार्ड सकुबाईच्या हातात आलं. सगळे तिच्याकडे बघत होते. आणि त्याच घटकेला तिच्या ध्यानात आलं की ह्या कागदावर काय आहे ते तिच्याशिवाय जगात कुणालाच ठाऊक नाही. ती काहीही वाचू शकत होती. दिवाळी सुखाची जावो, नातीला आशीर्वाद, झालं गेलं विसरा. अंबूबाई आलीच होती. हसत होती. काळूरामचा चेहरा उजळला होता. आता बिरडं वाढायचं आणि भाकऱ्या टाकायच्या, एवढंच काम उरलं होतं.

"अंबूताईंना सकूचा नमस्कार," तिने सुरुवात केली. अंबूबाई पुढे झुकून ऐकत होती. एवढ्या लांबून कागद घेऊन आलेल्या बाईला खोटं वाचून दाखवायचं, हे सकुबाईला जमेना.

"पत्रिका छापायच्या आधी कागद घरी आला होता," ती वाचू लागली. "मी वाचला. तुमचं नाव नव्हतं. मला दिसलं. साखरपुड्याला तुम्ही बायकांच्यात बोललात की लाडू विकतचे दिसतात. मला राग होता. मी गप बसले. कागद बरोबर आहे म्हणून धाडला. मग तुम्ही मांडवातून गेलात आणि मला तोंड उघडायची हिंमत झाली नाही. ह्यांची चूक नाही. शामभावजींची नाही. माझी आहे. दुपटं आईंच्या लुगड्याचं आहे. बाळाला थंडीत घाला."

वाचून झालं तरी तिने मान वर केली नाही.

काळूराम ओटीवरून उतरला आणि खळ्याच्या बाजूला चालू लागला. दीपेश त्याच्या मागे निघणार होता, स्नेहलने त्याची बाही धरली.

"वयनी, तू होय," ज्ञानेश्वर म्हणाला. हसू त्याच्या चेहऱ्यावरून पार गेलं होतं. "आमी तीन वर्षं त्या शामच्या नावाने बोटं मोडतोय."

"कागद मी आईच्या हातात देऊन पळालो," दीपेश म्हणाला. "मी बघायला पायजे होता."

"तू गप रे," ज्ञानेश्वर म्हणाला.

"तुमीपण गप, काका," स्नेहल म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण ती सासूच्या शेजारी जाऊन उभी राहिली होती. "कुणाला लागत नव्हतं ते. आईंना वाटलं असतं तर दुसरंच कायतरी वाचलं असतं."

ज्ञानेश्वरने दीपेशकडे पाहिलं, दीपेशने कार्डाकडे. हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

अंबूबाई मात्र कुणाकडेच बघत नव्हती. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या.

"म्हणजे ते लाडू तू केले होतेस?"

"दोन दिवस लागले मला," सकुबाई म्हणाली. "बेसन भाजून भाजून हात भरून आले होते."

"मला खरंच विकतचे वाटले. सगळे एका मापाचे होते गो. वळायला मशीन असतं ना, तसे. मी शेजारणीला बोलले, भावाने खर्चाला मागेपुढे पाहिलं नाय, एवढे चांगले लाडू विकत आणले." ती थांबली. "मी नाक वर करून सांगत होते."

सकुबाईने तिच्याकडे पाहिलं. अंबूबाई खरं बोलते आहे की आत्ता, ह्या पायरीवर बसून, दोघींसाठी नवं खरं तयार करते आहे, हे तिला कळेना. पुढे कधी विचारायचं नाही, हे मात्र तिने तिथल्या तिथे ठरवलं.

"राग आला मला," अंबूबाई म्हणाली. "येणारच. मांडवातून परत गेले तेव्हा जीपमध्ये सबंध रस्ता रडले मी. शेजारी बसलेला माणूस विचारत होता कोण गेलं म्हणून. ते काय लगेच पुसायचं नाय." तिने पदराने डोळे कोरडे केले. "पण वयनी, हे लिहून धाडणं, ते मला नसतं जमलं. दादा, ये इकडे," तिने खळ्याकडे तोंड करून हाक दिली. "पाटावर बस. रुसायचं ते नंतर रुस. मला चारची जीप हाय."

काळूराम आला. पाटावर बसला. भूमिकाने रांगोळीचं बोट पाटाभोवती फिरवलं, स्नेहलने ताट आणलं. अंबूबाईने कुंकू लावताना भावाच्या कपाळावर अंगठा जरा जास्तच दाबला. मग ज्ञानेश्वरला ओवाळलं. काळूरामने खिशात हात घातला तसा तिने तो धरला.

"ओवाळणी मी मागीन ती. जेवण झालं की मुरबाडला चल. शामकडे."

"कोणत्या तोंडाने जाऊ?" काळूराम म्हणाला. पहिल्यांदाच तो बायकोकडे वळला. आवाजात राग कमी आणि हताशपणा जास्त होता. "तू मला एका शब्दाने सांगितलं असतंस, सकू. मी त्याला काय काय बोललो. त्याच्या बापावर गेलो."

"म्हणून मी येते तुमच्यासंग," सकुबाई म्हणाली. "आधी मी बोलते."

*

तुळशीचं लग्न लागलं की खरी लग्नं सुरू होतात, म्हणून छापखाना भाऊबिजेलाही उघडा होता. ज्ञानेश्वरने टेम्पोतून सगळ्यांना सोडलं. स्नेहलने डब्यात करंज्या आणि चकल्या भरून दिल्या होत्या. शाम चष्मा कपाळावर सरकवून पत्रिकांचे गठ्ठे बांधत होता. काळूरामला दारात बघून तो सुतळी हातातच धरून उभा राहिला.

सकुबाई पुढे झाली. कार्ड तिने आणलं नव्हतं, पण आता ते तिला पाठ झालं होतं. तिने सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, डब्याचं झाकण दोन्ही हातांनी दाबून धरत. शाम शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"ओळ आधी आमच्याकडूनच सुटली होती, वहिनी," तो अखेर म्हणाला. "काळूची यादी मी नंतर काढून बघितली. नाव होतं. टाइप करताना राहिलं. म्हणून तर मी त्या दिवशी ऐकून घेतलं. तुमी दाखवलं असतं तर लावलं असतं, आणि आमी नीट बघितलं असतं तर तुमच्यावर वेळच आली नसती."

"तरी मी बोलायला नको होतं," काळूराम जमिनीकडे बघत म्हणाला. "तुझ्या बापाचं नाव काढायला नको होतं. त्याच्या हातचं जेवलोय मी."

शामने सुतळीची गाठ मारली. ती मारायला त्याला बराच वेळ लागला.

"तेव्हापासून मी गिऱ्हाईक समोर बसवतो आणि पत्रिका मोठ्याने वाचून घेतो. एकेक नाव," तो म्हणाला. "लोकांना बरं वाटतं. टोकावड्यापासून येतात आता. तू ओरडलास त्याचा धंद्याला फायदाच झाला."

अंबूबाई हसली. मग शामही हसला आणि डबा उघडून त्याने करंजी तोंडात टाकली. स्नेहलच्या कार्डांची गोष्ट अंबूबाईने त्याला तिखटमीठ लावून सांगितली, मास्तरांच्या मोडीसकट.

"ह्या दिवाळीत चार हजार शुभेच्छापत्रं छापली मी," शाम ऐकून म्हणाला. "सोसायट्यांची, पुढाऱ्यांची, पतपेढीची. आपल्याला एकपण आलं नाय. छापणाऱ्याला कोण धाडणार?"

सकुबाईने टेबलावरचं एक कोरं कार्ड उचललं. "पेन द्या, भावजी. अक्षर कसं हाय ते ऐकलंतच."

"दे इकडे," काळूराम म्हणाला. "हे मी लिहितो."

त्याने स्टूल ओढलं आणि टेबलावर वाकला. डाव्या हाताने कागद झाकून घेतला, परीक्षेला बसल्यासारखा. बराच वेळ पेन नुसतं धरून बसला, मग लिहू लागला. शाम समोरच्या बाजूला गठ्ठे मोजायच्या निमित्ताने उभा राहिला. कॉम्प्युटर यायच्या आधी त्याने वीस वर्षं छपाईचे उलट्या अक्षरांचे खिळे जुळवले होते; अक्षर उलटं असो की डोक्यावर उभं, त्याला ते सरळच दिसायचं. सकुबाईला दिसत होतं की त्याचे डोळे गठ्ठ्यांवर नाहीत.

"'मित्र'ची वेलांटी पहिली, काळू," तो हळूच म्हणाला.

"तू आत्ताच वाचू नको," काळूराम मान वर न करता म्हणाला, आणि दुसरी वेलांटी तशीच ठेवून पुढे लिहीत राहिला.